बँड सहावीत घडतो

टेक्सासमध्ये शाळेच्या बँडची भरती पाचवीतल्या मुलांमधून होते, उन्हाळ्याच्या सुट्टीच्या जरा आधी. मिडल स्कूलच्या, म्हणजे सहावी ते आठवीच्या शाळेच्या, जिममध्ये टेबलं मांडलेली असतात. एकावर फ्लूट, दुसऱ्यावर क्लॅरिनेट, तिसऱ्यावर ट्रॉम्बोन. मूल आईबाबांबरोबर टेबलापाशी येतं. शिक्षक त्याचे ओठ, पुढचे दात, जबड्याची ठेवण, बोटांची लांबी बघतात आणि अख्खं वाद्य न देता नुसता माउथपीस हातात ठेवून फुंकायला सांगतात. वरच्या ओठाच्या मधोमध थेंबासारखा उंचवटा असेल तर फ्लूटवर हवेचा झोत दुभंगतो. बोटांची टोकं फार बारीक असतील तर क्लॅरिनेटची भोकं नीट झाकली जात नाहीत आणि वाद्य किंचाळतं. ट्रॉम्बोनला हात लांब हवा, नाहीतर नळी शेवटच्या स्थानापर्यंत पोचतच नाही.

मुलांना विचाराल तर निम्म्यांना सॅक्सोफोन हवा असतो आणि उरलेल्यांना ड्रम. फ्रेंच हॉर्न कुणी मागत नाही, बसून (bassoon) नावाचं वाद्य कुणी ऐकलेलं नसतं. अशा वेळी टेबलामागे बसलेल्या माणसाला जरा विक्रेता व्हावं लागतं. मीही झाले आहे. सॅक्सोफोनच्या रांगेतल्या एखाद्या चांगल्या कानाच्या मुलीला गाठून, "तुला हे ऐकवू का, हे वाजवणारे फार थोडे असतात," म्हणत हॉर्नकडे वळवलं आहे. कारण हिशोब साधा आहे. त्या संध्याकाळी हॉर्नला चार मुलं मिळाली नाहीत, तर ती तुकडी बारावीत पोचेल तेव्हा हायस्कूलच्या बँडमध्ये हॉर्नची जागा रिकामी असते, आणि ती तेव्हा कुठूनही आणून भरता येत नाही.

हायस्कूल बँड डायरेक्टर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे शुक्रवारची रात्र येते: फुटबॉलचं मैदान, झगझगीत दिवे, तुरेवाल्या टोप्या, शिडीवर उभा राहून हात हलवणारा माणूस. मी ते काम पुष्कळ वर्षं केलं. पण मला विचाराल तर त्या रात्री मैदानावर जे ऐकू येतं ते आधीच ठरून गेलेलं असतं, पाचवीच्या त्या संध्याकाळी आणि त्यानंतरच्या सहावीच्या वर्षात.

मी स्वतः ती भरती चुकवली होती. १९८४ मध्ये आम्ही ठाण्याहून इथे आलो तेव्हा माझी पाचवी मराठी शाळेत झालेली होती, आणि सहावीचे वर्ग सुरू व्हायला थोडेच दिवस उरले होते. समुपदेशक बाईंनी चित्रकला, कोरस आणि बँड असे तीन पर्याय पुढे ठेवले. इंग्रजीत गायची मला भीती वाटली आणि चित्रकलेचा वर्ग भरलेला होता. बाबांनी महिन्याच्या भाड्यावर क्लॅरिनेट आणली. आईला वाटलं, ही सनईची मावसबहीण दिसते, वाजवू दे. तिने मला ठाण्यात गाण्याच्या क्लासला घातलं होतं आणि इथे येताना सामानात तानपुऱ्याच्या जागी एक छोटी श्रुतिपेटी कोंबली होती. ती पुढे माझ्या नोकरीत किती कामाला येणार आहे हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

त्याच वर्षी टेक्सासच्या विधिमंडळाने शिक्षणसुधारणांचा मोठा कायदा केला. त्यातलं एक कलम इथल्या प्रत्येक बँडवाल्याला पाठ असतं: एखाद्या विषयात ७० पेक्षा कमी गुण पडले की स्पर्धेत, सामन्यात, कार्यक्रमात भाग घेता येत नाही. सुरुवातीला ही बंदी सहा आठवड्यांची होती, १९९५ मध्ये ती तीनवर आली. फुटबॉलवेड्या राज्यात यावर केवढा गदारोळ झाला होता! मला मात्र त्याचा फायदा झाला. "बँडसाठी अभ्यास करावाच लागतो," हे वाक्य मी बाबांच्या तोंडावर फेकत असे आणि त्यांच्याकडे उत्तर नसे.

बँड डायरेक्टर व्हायचं हे अकरावीत ठरलं. बाबांनी एकच प्रश्न विचारला, "म्हणजे मास्तर की वादक?" मास्तर, म्हटल्यावर त्यांचा चेहरा जरा सैलावला. त्यांचे वडील शाळामास्तर होते.

संगीत शिक्षणाची पदवी कागदावर चार वर्षांची असते, पण माझ्या ओळखीत ती चारात पुरी केलेली माणसं थोडी. आपलं मुख्य वाद्य, त्यातलं एकल वादन, पियानोची सक्तीची परीक्षा, स्वरलेखन ऐकून उतरवणं, इतिहास, विद्यापीठाच्या मार्चिंग बँडमधली हजेरी हे सगळं आहेच. त्यावर प्रत्येक वाद्यकुळाचे वेगळे वर्ग. एका सत्रात ट्रम्पेट आणि हॉर्न, पुढच्यात ट्रॉम्बोन आणि ट्यूबा, मग ओबो, बसून, मग तालवाद्यं. उत्तम वाजवता येणं अपेक्षित नसतं. अकरा वर्षांच्या मुलाकडून ट्रॉम्बोनवर बेसूर आवाज आला तर तो ओठांमुळे आला, हवेमुळे, की नळी दोन बोटं पुढे गेल्यामुळे, हे बघताक्षणी कळलं पाहिजे. मी रात्री सरावाच्या खोलीत हॉर्न वाजवायचे तेव्हा शेजारच्या खोलीतले लोक दार ओढून घ्यायचे.

इतिहासाच्या तासाला एक गोष्ट कळली ती मनात राहिली. पहिल्या महायुद्धानंतर लष्करी बँडमधून परतलेले वादक शाळांमध्ये शिकवायला लागले, आणि १९२३ मध्ये शिकागोला शाळांच्या बँडची पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. तिच्यामागे वाद्यं बनवणाऱ्या कंपन्या होत्या. त्यांना शाळांसारखं गिऱ्हाईक हवंच होतं. स्पर्धेचं हे वेड आमच्या व्यवसायाच्या जन्मापासूनचं आहे म्हणायचं. अजूनही ते उतरलेलं नाही.

सगळ्यात घाम फोडला तो स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या ओळी एकाखाली एक लिहिलेले कागद, वाचण्याने. बँडमधली निरनिराळी वाद्यं निरनिराळ्या पट्ट्यांत लिहिलेली असतात. क्लॅरिनेटवाल्याने कागदावरचा सी वाजवला की कानाला ऐकू येतो बी-फ्लॅट, म्हणजे आपल्या पेटीवरची काळी पाच. ऑल्टो सॅक्सोफोनच्या सीचा आवाज निघतो काळी दोनचा, हॉर्नच्या सीचा पांढरी चारचा. वीसेक ओळी एकाखाली एक, त्यातल्या निम्म्या वेगळ्या पट्टीत, आणि चालू लयीत कुणीतरी एक स्वर चुकवलेला असतो. तो कुणी चुकवला आणि त्याच्या कागदावर तो काय नावाने लिहिला आहे हे त्याला त्याच्या भाषेत सांगायचं. हार्मोनियमवर पट्टी बदलून गाण्याची मला लहानपणापासून सवय होती, त्यामुळे वर्गातल्या इतरांपेक्षा मला हे लवकर जमलं. आमच्या क्लासच्या बाई प्रत्येक मुलीला तिच्या पट्टीत गायला लावत, आणि पेटी त्यांच्या मांडीपुढे असे.

शेवटचं सत्र प्रत्यक्ष शाळेत शिकवण्याचं. अर्धं मिडल स्कूलमध्ये, अर्धं हायस्कूलमध्ये. पगार शून्य, उलट विद्यापीठाची फी आपणच भरायची. पहाटे साडेसहाला शाळेत, रात्री पिझ्झाच्या दुकानात गल्ल्यावर. ज्यांच्याकडे मी शिकले ते म्हातारे डायरेक्टर फारसं बोलायचे नाहीत. बँडमध्ये क्लॅरिनेटवाल्यांचे पहिली, दुसरी, तिसरी असे गट असतात; तालीम संपली की ते विचारायचे, "तिसऱ्या क्लॅरिनेटमधल्या शेवटच्या मुलाने काय वाजवलं?" मला पहिल्या क्लॅरिनेटचं माहीत असायचं, सुरावट तिच्याकडे असायची ना. ते मान हलवायचे आणि कॉफी आणायला जायचे. पुढे मी नवशिक्या सहायकांना हाच प्रश्न विचारत आले.

१९९६ च्या उन्हाळ्यात मुलाखती सुरू झाल्या. त्या काळी हायस्कूलच्या बँडवर बाई क्वचित दिसे. बायका मिडल स्कूलमध्ये असत, हे जणू ठरलेलंच. बायकांची स्वतंत्र बँड डायरेक्टर संघटना १९६९ पासून होती, ती उगाच नव्हे. एका मुलाखतीत मला विचारलं, घर सांभाळून शुक्रवारच्या रात्री जमतील का? माझं लग्नही झालेलं नव्हतं. मी म्हटलं, शुक्रवारी रात्री मी सध्या पिझ्झा विकते, त्याहून हे बरं. ती नोकरी मिळाली नाही. दुसरीकडे मिडल स्कूलला सहायक म्हणून लागले आणि २००५ पर्यंत तिथेच राहिले. लोक त्याला पायरी समजतात. माझ्या मते तेच खरं काम होतं.

सहावीचा वर्ग एकेका वाद्याचा असतो. म्हणजे एका तासाला तीस क्लॅरिनेट, दुसऱ्या तासाला पंचवीस ट्रम्पेट. पहिले काही दिवस वाद्याची पेटी उघडायचीच नाही. खुर्चीच्या कडेवर ताठ बसायचं, श्वास घ्यायचा, चार मात्रांत सोडायचा, पायाने ठेका धरायचा. मुलं रडकुंडीला येतात. मग रीड, म्हणजे आवाज काढणारी पातळ पट्टी, ओली करून माउथपीसला कशी बांधायची ते, मग नुसत्या माउथपीसवर एक लांब स्वर. तीस माउथपीस एका खोलीत वाजतात तेव्हा जो आवाज होतो त्याचं वर्णन मी करणार नाही. कानात बोळे घालून शिकवणारे डायरेक्टर आहेत आणि त्यांना कुणी हसत नाही. पुढे हिवाळ्याच्या सुमाराला येतो क्लॅरिनेटचा अवघड टप्पा. खालच्या सप्तकातून वर जाताना जवळजवळ मोकळ्या बोटांवरून एकदम सगळी भोकं झाकायची असतात. एक बोट केसभर सरकलं तरी स्वर फुटतो. बरीच मुलं इथेच वाद्य सोडतात. त्यांना त्या महिन्यात कुणी धरून ठेवलं तर ती बारावीपर्यंत टिकतात. माझा कस इथे लागला.

आणि इथेच श्रुतिपेटी बाहेर आली. सुरुवातीला मी ती सहज लावली, मुलांनी नुसता एक स्वर तिच्यात मिसळून धरावा म्हणून. लहर उठते ती ऐका, म्हणायचे. दोन स्वर जुळले नाहीत की आवाज थरथरतो, जुळले की थरथर थांबते. सहावीच्या मुलाला 'सुरात वाजव' म्हणून काही कळत नाही, पण थरथर थांबव म्हटलं की बरोबर कळतं. पुढच्या वर्षी ती मुलं तीन-तीनच्या गटात कॉर्ड, म्हणजे तीन वेगळे स्वर एकदम, धरू लागली. मेजर कॉर्डमधला मधला स्वर पियानोवर असतो तिथे ठेवला तर तो खुपतो. अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट धरला, तर तो साधारण १४ सेंट खाली उतरवावा लागतो. अमेरिकन पुस्तकांत हा आकडा तक्त्यात दिलेला असतो. मला तो तक्त्याआधी कानाने माहीत होता. तानपुरा चांगला लागला की त्यातून न छेडलेला गंधार आपोआप ऐकू येतो, स्वयंभू गंधार म्हणतात तो, हाच. माझ्या मिडल स्कूलच्या मुलांना 'गा' हा शब्द माहीत होता, इतका की एक ट्रम्पेटवाला पुढे हायस्कूलच्या तालमीत ओरडला, "मिस, आमचा गा वर आहे!" तिथल्या मुख्य डायरेक्टरला वाटलं काहीतरी शिवी आहे.

२००५ मध्ये हायस्कूलला गेले, आधी सहायक, २०११ पासून मुख्य. तिथलं वर्ष ऑगस्टपासून मोजतात. शाळेमागच्या पार्किंगवर फुटबॉलच्या मैदानाच्या रेघा रंगवलेल्या, डांबर तापलेलं, पारा चाळिशीला, आणि दोनशे मुलं गळ्यात पाण्याच्या बाटल्या अडकवून उभी. पाच यार्डांत आठ पावलं, म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंचांचं. ते न बघता, न चुकता पडलं पाहिजे. प्रत्येकाकडे आपापल्या जागांची वही: कुठल्या रेघेपासून किती पावलं, कितव्या मात्रेला. पहिले दोन आठवडे वाजवणं कमी आणि चालणं जास्त. टेक्सासमध्ये मार्चिंग बँडला शारीरिक शिक्षणाचे गुण मिळतात. जे हसतात त्यांनी एकदा ट्यूबा खांद्यावर घेऊन डांबरावर उलटं चालून बघावं.

शाळा सुरू झाली की शाळेच्या वेळेबाहेर आठवड्याला आठच तास तालीम, असा नियम आहे. राज्यातल्या आंतरशालेय स्पर्धा चालवणारी यूआयएल ही संस्था, टेक्सास विद्यापीठाच्या छत्राखालची, १९१० पासूनची, नियम तिचा. मला तो आवडायचा. माझ्या काही स्नेह्यांना आठ तास कमी वाटायचे. ऑक्टोबरमधल्या मार्चिंगच्या स्पर्धेत त्यांची कवायत माझ्यापेक्षा देखणी असायची, हेही सांगून टाकते.

मैदानावरचा बँड म्हणजे निम्मा वाहतूक व्यवसाय. गणवेशांचे हँगर, मालट्रक, बसगाड्या, जेवणाचे डबे, ॲलर्जीच्या मुलांची यादी, एक सुटे बूट, दोन सुटे मोजे. डायरेक्टरचा अर्धा दिवस ईमेलमध्ये जातो. यात पालकांची संघटना नसती तर मी केव्हाच कोलमडले असते. सामन्याच्या रात्री नाचोज विकून ते पैसे उभे करतात, आणि प्रॉप्स बांधतात. आमच्या भागात तेलुगू, गुजराती, मराठी इंजिनियर पुष्कळ. एका वर्षी त्यांनी चाकांचा जिना इतका भक्कम बांधला की तो स्टेडियमच्या फाटकातून आत जाईना. फाटकाची उंची कुणीतरी मोजली होती, रुंदी दुसऱ्याने मोजायची होती. अर्धा जिना बाहेर सोडून आम्ही कार्यक्रम केला आणि परीक्षकांनी 'धाडसी असममिती' म्हणून कौतुक केलं.

या सगळ्या गदारोळाला मी नावं ठेवत नाही. मुलांना एकत्र बांधतो तो ऑगस्टच. पण बँड कसा आहे हे कळतं मार्चमध्ये, आणि ते बघायला तिकीट काढून कुणी येत नाही.

वसंतातल्या यूआयएल स्पर्धेचे दोन भाग. पहिला सभागृहात, तयार केलेल्या रचना वाजवायचा. तो झाला की वाद्यं उचलून बँड दुसऱ्या खोलीत जातो. तिथे प्रत्येक स्टँडवर एक बंद फोल्डर असतं आणि त्यात अशी रचना जी कुणीच, डायरेक्टरनेही, पाहिलेली नाही. मागे तीन परीक्षक. इशारा झाला की डायरेक्टरने स्कोअर उघडायचा आणि काही मोजकी मिनिटं मुलांना समजावून सांगायचं. या वेळात एक स्वरही वाजवायचा नाही. मोजा, गुणगुणा, बोटं फिरवा, चालेल; फुंकलं की संपलं. मग वेळ झाली की सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा वाजवायचं.

या मिनिटांची तयारी मी वर्षभर करायचे. पहिल्यांदा पट्टी कुठे बदलते, मात्रा कुठे बदलतात, मग शेवट कसा होतो ते सांगायचं. सुरुवात मुलांना जमतेच. सुरावट कुणाकडून कुणाकडे जाते ते बोटाने दाखवायचं. ज्याला काहीच कठीण नाही त्याच्याकडे बघून हसायचं, कारण तोच झोपतो. अवघड मापं, म्हणजे ठरावीक मात्रांचे तुकडे, सगळ्यांकडून एकदम म्हणून घ्यायची. आणि शेवटी गप्प बसून अर्धं मिनिट त्यांना आपापलं बघू द्यायचं. हे अर्धं मिनिट द्यायला नवे डायरेक्टर फार घाबरतात, बोलतच राहतात.

एका वर्षी तुकडा मधेच तीन मात्रांच्या मापात गेला आणि पहिल्या क्लॅरिनेट्सची अख्खी रांग एक माप आधी पुढे निघून गेली. स्पर्धेत असं झालं की बहुधा सगळा डोलारा कोसळतो. माझा हात लय दाखवत राहिला, त्याहून अधिक काही करता येत नाही. तिसऱ्या क्लॅरिनेट आणि हॉर्नच्या मुलांनी आपली जागा सोडली नाही. दोन-तीन मापांत पहिल्या रांगेने खालचं ऐकलं, एक माप गिळलं आणि परत जागेवर आली. बाहेर आल्यावर परीक्षकांचे आकडे लागले. एक ते पाच अशी श्रेणी, एक सगळ्यात वरची. आम्हाला तिघांकडूनही एक मिळाला. त्या तिसऱ्या क्लॅरिनेटमधल्या बहुतेकांना मी सहावीत शिकवलं नव्हतं, माझ्यानंतर मिडल स्कूलला आलेल्या तरुण शिक्षिकेने शिकवलं होतं. संध्याकाळी पहिला फोन मी तिला केला. शुक्रवारच्या रात्री शाळेचं नाव माइकवरून घेतात तेव्हा तिचं नाव कुणी घेत नाही.

आपल्या लोकांबद्दल थोडं लिहायलाच हवं. दरवर्षी दहावी संपली की भारतीय पालक माझ्या ऑफिसात येत. चेहऱ्यावर संकोच, हातात बहुधा मिठाईचा डबा. मुलगी बँड सोडणार. कारण विचारलं की 'रँक'. १९९७ च्या कायद्याने टेक्सासमधल्या हायस्कूलच्या पहिल्या दहा टक्के मुलांना राज्याच्या विद्यापीठांत थेट प्रवेश मिळतो. ऑस्टिनच्या विद्यापीठासाठी ती रेषा पुढे आणखी आवळत गेली. पुष्कळ शाळांत अवघड विषयांची गुणसरासरी पाचातून मोजतात आणि बँडची चारातून. म्हणजे बँडमध्ये पैकीच्या पैकी मिळवूनही सरासरी खाली येते. हिशोब बरोबर आहे, मी तो खोटा ठरवू शकले नाही. मी फक्त मुलीला विचारायचे, तुझं काय म्हणणं आहे? आणि मग दोघांपैकी एकाच्या, बहुधा वडिलांच्या, डोळ्यांत बघायचं टाळायचे. काही राहिल्या, बऱ्याच गेल्या. एका मराठी आईने मला स्पष्ट विचारलं, "तुमच्या आईबाबांनी तुम्हाला कसं करू दिलं हो?" मी म्हटलं, तेव्हा त्यांना रँकचं माहीत नव्हतं. ती हसली नाही. पण मुलगी राहिली, बास क्लॅरिनेटवर.

२०२० च्या मार्चमध्ये स्पर्धा तोंडावर असताना सगळं बंद झालं. व्हिडिओवर बँड वाजवता येत नाही. आवाज पोचायला लागणारा क्षणाचा अंश ताल मोडायला पुरतो. कोलोरॅडो आणि मेरीलँडच्या विद्यापीठांनी वाद्यांतून उडणाऱ्या थेंबांचा अभ्यास केला आणि त्याच्या आधारे आम्ही परत सुरू केलं: वाद्यांच्या तोंडाला कापडी झाकणं, चीर पाडलेले मास्क, मुलांमध्ये सहा-सहा फूट अंतर, ट्रॉम्बोनपुढे नऊ, अर्धा तास वाजवलं की खोली रिकामी करून हवा बदलू द्यायची. सहा फुटांवर बसलेल्या मुलाला शेजारी ऐकू येत नाही, हे आमचं सगळ्यात मोठं दुखणं. हायस्कूलच्या मुलांनी ते निभावलं, त्यांचे कान तयार होते. त्या वर्षीच्या सहावीचं तसं नव्हतं. त्यांच्यातल्या अनेकांनी क्लॅरिनेट पडद्यावर बघून धरली. ती तुकडी वर सरकत २०२३ मध्ये माझ्याकडे आली तेव्हा संख्येने लहान होती, आणि सगळ्यांची बोटं चपळ पण स्वर एकेकटे. त्यांच्याबरोबर मी नववीत सहावीचा धडा पहिल्यापासून घेतला, श्रुतिपेटी लावून. आता ती मोबाइलमध्ये असते.

टेक्सासच्या निवृत्तिवेतनात माझ्या पिढीच्या शिक्षकांना एक सोय आहे: वय आणि नोकरीची वर्षं मिळून ८० झाली की पूर्ण निवृत्तिवेतन. २०२५ च्या जूनमध्ये माझं गणित जमलं आणि मी किल्ल्यांचा जुडगा परत केला.

निवृत्त डायरेक्टर तसे रिकामे नसतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये स्पर्धेआधी इतर शाळा बोलावतात: येऊन एकदा ऐका आणि काय खटकतं ते सांगा. मी शेवटच्या रांगेमागे उभी राहते. तिथल्या तरुण डायरेक्टरला पहिल्यांदा विचारते की तिसऱ्या क्लॅरिनेटमधला शेवटचा मुलगा काय वाजवत होता.

अधूनमधून मराठी घरांतली मुलंही फोन करतात, बँड डायरेक्टर व्हायचंय म्हणून. त्यांनी ऑक्टोबरमधल्या स्पर्धेचे व्हिडिओ पाहिलेले असतात. पियानो आजच सुरू कर, मी सांगते, आणि विद्यापीठात बिनपगारी सत्र असतं त्यासाठी पैसे बाजूला ठेव. मग सप्टेंबरमध्ये जवळच्या मिडल स्कूलला परवानगी घेऊन सहावीच्या क्लॅरिनेटच्या तासाला एक आठवडा मागे बस. तीस माउथपीस. त्यानंतरही व्हायचं असेल तर परत फोन कर, मी शिफारसपत्र लिहीन.